शिफ्ट, रिटर्न, फाईल : लोअर परळमधल्या संगणक-साक्षरतेचा पूर्वेतिहास

१/
लॅपटॉप उघडावा, चार ओळी टंकित कराव्यात, त्यांची फाईल करून ती जतन करावी आणि कुणाला तरी पाठवून द्यावी. आज या कौशल्याला ‘बेसिक’ म्हणतात आणि ते न येणाऱ्या माणसाकडे काहीशा कीवेने पाहिले जाते. परंतु यातील प्रत्येक क्रिया कुणीतरी, कुठेतरी, विशिष्ट कामासाठी घडवलेली आहे. तिला वय आहे, वर्ग आहे आणि भाषाही आहे. लोअर परळसारख्या गिरणगावातल्या वस्तीत हे कौशल्य कसे पोहोचले, कुणाला सहज मिळाले आणि कुणाला नाही, याचा हा धागा.

२/
आरंभ मागापासून करणे योग्य ठरेल. १८०४च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर चालणारी मागाची यंत्रणा सिद्ध केली. छिद्र असेल तर ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तर तो खाली राही. नक्षी विणकराच्या स्मरणातून पुठ्ठ्यावर उतरली. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथच्या यंत्रांनी छिद्रित पत्रांवर माणसे मोजली. संगणकाच्या वंशावळीत कापडाचा माग असा थेट पूर्वज म्हणून उभा आहे.

३/
हा पूर्वज मुंबईत चांगलाच रुजला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये गिरणी कंपनी स्थापन केली आणि १८५६मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यात धुराड्यांचे रान उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून आलेला तरुण गिरणीत लागला की त्याला शिकवायला स्वतंत्र वर्ग नसे. गाववाल्याच्या किंवा नातेवाईकाच्या शेजारी उभे राहायचे, बदली म्हणून मिळेल ती पाळी करायची आणि तुटलेला धागा सांधण्याचा वेग बोटांत मुरवायचा. यंत्र शिकण्याची ही गिरणगावची पद्धत. तिला प्रमाणपत्र नव्हते, पण शिस्त मात्र कडक होती.

४/
अक्षरांची गोष्ट वेगळी होती. ना. म. जोशी यांनी १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालवली. डिलाईल रोडला पुढे त्यांचेच नाव मिळाले. पाळी सुटल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या प्रौढ माणसाची अडचण बुद्धीची नव्हती. दिवसभराच्या श्रमानंतरची झोप, दाटीवाटीचे घर आणि ‘या वयात काय शिकायचे’ ही लाज, हे तीन अडथळे होते. शंभर वर्षांनंतर संगणकाच्या वर्गात हेच तीन अडथळे पुन्हा भेटतात. म्हणून रात्रशाळेची आठवण इथे आवश्यक आहे.

५/
आता कळफलकाकडे वळू. अमेरिकेत ख्रिस्तोफर लॅथम शोल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी टंकलेखन यंत्राचे पेटंट १८६८मध्ये घेतले आणि १८७४मध्ये रेमिंग्टन कंपनीचे यंत्र बाजारात आले. क्वर्टी या नावाने ओळखली जाणारी अक्षरांची मांडणी तिथूनच आली. १८७८च्या दुसऱ्या नमुन्यात ‘शिफ्ट’ कळ बसवण्यात आली. ती दाबली की यंत्राचा वरचा भाग खरोखरच सरके आणि त्याच दांड्यावरचे मोठे अक्षर कागदावर उमटे. लॅपटॉपमध्ये सरकण्यासारखे काही उरले नाही, तरी कळीचे नाव तेच राहिले.

६/
इतर कळांचेही असेच आहे. ओळ संपली की कागद धरणारा गाडा पुन्हा आरंभी आणावा लागे. त्या ‘कॅरेज रिटर्न’ची आजची वारसदार म्हणजे एंटर. ‘टॅब’ हे टॅब्युलेटरचे संक्षिप्त रूप; आकड्यांचे रकाने सरळ रेषेत यावेत म्हणून ती सोय होती. ‘बॅकस्पेस’ मुळात काहीच पुसत नसे, केवळ एक घर मागे नेत असे. चूक झाली तर खोडरबर घ्यावा लागे किंवा कागदच बदलावा लागे. पुसून टाकण्याची मुभा संगणकाने दिली. नवशिक्याला सर्वांत मोठा दिलासा याच कळीने दिला असावा.

७/
एफ आणि जे या कळांवर बोट फिरवून पाहा. दोन्हींवर बारीक उंचवटा लागतो. डोळे कागदावर ठेवून, न पाहता टंकित करणाऱ्याला बोटांची मूळ जागा सापडावी, यासाठी तो असतो. १८८८मध्ये सिनसिनाटी येथे झालेल्या स्पर्धेत फ्रँक मॅकगरिनने कळांकडे न पाहता टंकलेखन करून विजय मिळवला आणि या पद्धतीची कीर्ती पसरली. धागा सांधणाऱ्या कामगाराप्रमाणेच इथेही ज्ञान मेंदूइतकेच बोटांत साठते. फरक एवढाच की एका हाताला ‘अकुशल’ म्हटले गेले आणि दुसऱ्याला ‘कारकुनी पात्रता’ म्हणून मान मिळाला.

८/
या पात्रतेने मुंबईतल्या मराठी घरांचे भवितव्य बदलले. गिरगाव, दादर, परळ येथील टायपिंगचे वर्ग म्हणजे कनिष्ठ मध्यमवर्गाकडे जाणारा जिनाच. मिनिटाला ३० शब्द, मग ४० शब्द, इंग्रजी आणि मराठी, जोडीला लघुलेखन. सरकारी वाणिज्य प्रमाणपत्राची परीक्षा उत्तीर्ण झाली की सरकारी कचेरी, बँक, विमा कंपनी यांची दारे किलकिली होत. मुलींसाठी हा मार्ग विशेष महत्त्वाचा ठरला. यंत्रही परदेशीच राहिले नाही. १८९७मध्ये लालबागेत कुलपे बनवण्यापासून आरंभ करणाऱ्या गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले.

९/
त्याच काळात मुंबईच्या दक्षिण टोकाला वेगळेच यंत्र आकार घेत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक बांधण्याचे काम चालू होते. १९५६मध्ये त्याची प्राथमिक प्रतिकृती चालली आणि १९६०मध्ये पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले. पुढे त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. तेव्हाचा संगणक ‘वापरणे’ म्हणजे शास्त्रज्ञांनी आज्ञावली लिहिणे, ती छिद्रित पट्टीवर उतरवणे आणि उत्तराची वाट पाहणे. सामान्य माणसाने यंत्रासमोर बसावे, ही कल्पनाच त्यात नव्हती. परळहून कुलाबा काही मैलांवर होता, पण त्या यंत्राशी परळचा संबंध येण्यास चार दशके लागली.

१०/
मधल्या काळात कामगारांनी संगणकाकडे संशयाने पाहिले. त्या संशयाला ‘अडाणीपणा’ म्हणणे हा इतिहासावर अन्याय होईल. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८मध्ये सहा महिन्यांचा संप केला, तेव्हा कळीचा मुद्दा होता ‘रॅशनलायझेशन’चा : एकाच माणसाने अधिक माग, अधिक चात्या सांभाळाव्यात आणि उरलेल्यांनी घरी जावे. यंत्रसुधारणेची किंमत कोण मोजतो, हा धडा या शहराने लवकर गिरवला होता. १९६०च्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला, तेव्हा त्यामागे हीच स्मृती होती. स्वयंचलनाच्या प्रश्नावर वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९७२मध्ये आला. बँकांतील मर्यादित यंत्रीकरणाचा करार मात्र १९८३मध्येच झाला.

११/
१९८२ हे वर्ष दोन चित्रांत पाहावे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ‘ग्रिड कंपास’ नावाचा संगणक विक्रीस आला. बिल मॉग्रिज यांनी त्याचा आकार घडवला होता. पडदा बिजागरीवर मिटून कळफलकावर झाकला जाई. आजचा प्रत्येक लॅपटॉप असाच मिटतो. या दोन घटनांत कार्यकारण नाही. परंतु एका पिढीच्या हातातले यंत्र सुटत असताना पुढच्या पिढीच्या मांडीवर येणारे यंत्र जगात अवतरले होते, हे कालक्रम सांगतो.

१२/
लॅपटॉपच्या पडद्यावरचे जग मात्र त्याआधीच रचले गेले होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दिले. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पडद्यावर कचेरीचे टेबल मांडण्यात आले : फाईल, फोल्डर, कागद. तिथेच लॅरी टेस्लर व सहकाऱ्यांनी ‘कट, कॉपी, पेस्ट’ घडवले. छापखान्यात मजकुराचे कागद कात्रीने कापून डिंकाने चिकटवत, त्या कृतीचे ते रूप होते. आज ‘जतन करा’ यासाठी दिसणारे चित्र फ्लॉपीचे असते, आणि ते दाबणाऱ्या अनेक तरुणांनी फ्लॉपी हातात धरलेली नसते.

१३/
इथे एक सामाजिक गोष्ट लक्षात घ्यावी. ही सगळी रूपके कारकुनाच्या जगातली आहेत. ज्याने कचेरीत काम केले त्याला फाईल आणि फोल्डर यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. साचाखात्यात आयुष्य घालवलेल्याला मात्र दोन्ही शब्द परके असतात. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. त्यात संसार, पाहुणे, अभ्यास आणि झोप सगळे सामावायचे. जिथे लिहिण्याचे टेबलच नव्हते, तिथे ‘डेस्कटॉप’ या शब्दाने कोणते चित्र डोळ्यांपुढे यावे? रूपक ओळखीचे नसेल तर सोपी गोष्टही पाठ करावी लागते. शिकणाऱ्याची गती त्यामुळे मंदावते, बुद्धी नव्हे.

१४/
लॅपटॉपचे वेगळेपण याच खोलीत नीट उमगते. टेबलावरच्या संगणकाला कायमची जागा लागे. लॅपटॉप मात्र काम झाले की मिटून फळीवर ठेवता येतो, अंथरुणाच्या वळकटीसारखा. १९९१च्या ॲपल पॉवरबुकने कळफलक मागे सरकवून पुढे मनगट टेकण्यास जागा दिली आणि मध्यभागी फिरणारा गोळा बसवला. १९९४च्या नमुन्यात गोळ्याच्या जागी बोट फिरवण्याची पट्टी आली. आजचा टचपॅड तो हाच. मांडी घालून जमिनीवर बसणाऱ्या माणसाला हे यंत्र खुर्चीची सक्ती करत नाही. दाटीच्या वस्तीत ही मोठीच सोय ठरली.

१५/
संपानंतरच्या वीस वर्षांत लोअर परळ ओळखू येईनासे झाले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा एकतृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एकतृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी, अशी साधारण विभागणी सांगितली. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ गिरणीच्या आवारातील रिकाम्या जागेपुरती उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, धुराडे तेवढे राहिले. कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल यांच्या आवारांत कचेऱ्या थाटल्या गेल्या. जिथे भोंगा वाजे, तिथे आता गळ्यातले ओळखपत्र टेकवून दार उघडू लागले.

१६/
या नव्या कचेऱ्यांत प्रवेशाची अट होती संगणक. गिरणीत मुलाला वडिलांच्या शब्दावर बदलीचे काम मिळे; त्याच आवारातल्या कचेरीत वडिलांचा शब्द निरुपयोगी झाला. दारावरचा सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, चहा देणारा आणि आत पडद्यासमोर बसलेला कर्मचारी, यांतली सीमारेषा पुष्कळदा इंग्रजी आणि कळफलक या दोहोंनी आखलेली असे. ‘बेसिक’ कौशल्य न येण्याची किंमत इथे थेट पगारात मोजावी लागली.

१७/
हीच गरज ओळखून २००१मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम राज्यभर पसरला. सरकारी कर्मचाऱ्यांना तो मुदतीत उत्तीर्ण होण्याचे बंधन आले, आणि निवृत्तीकडे झुकलेले कारकून आपल्या मुलांच्या वयाच्या शिक्षकांसमोर बसले. या उपक्रमाने ‘संगणक साक्षरता’ हा शब्द गल्लीबोळांत नेला. शब्दाची निवड अर्थपूर्ण आहे. ना. म. जोशींच्या काळात साक्षर नसलेला माणूस सहीच्या जागी अंगठा उठवत असे. आता अर्ज संगणकावर भरता न येणारा माणूस सायबर कॅफेतल्या मुलाला पासवर्डसकट सगळे सांगू लागला. परावलंबनाचे रूप बदलले, एवढेच.

१८/
माऊस धरण्याचे शिक्षण मात्र अनेकांना पत्त्यांनी दिले. १९९०मध्ये विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर हा खेळ आला. पान उचला, दाबून धरा, ओढा, योग्य जागी सोडा. खेळता खेळता ‘ड्रॅग’ हातात बसे. चुकले तर कुणी रागावत नसे, काही बिघडत नसे. नवशिक्याच्या मनातली ‘बटण दाबले आणि मशीन जळले तर?’ ही भीती मोडायला असाच निरुपद्रवी सराव लागतो. गिरणीत चुकीची किंमत कापलेल्या पगारात किंवा तुटलेल्या बोटात मोजावी लागे. यंत्राला जपून हात लावण्याची ती सवय शहाणपणाची होती, भित्रेपणाची नव्हे.

१९/
मराठीचा प्रश्न याहून अवघड होता. टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळांवर जोडाक्षरे, काने, मात्रा बसवताना अर्धी अक्षरे वेगळी द्यावी लागत. संगणक आल्यावर प्रत्येक कंपनीच्या फाँटची स्वतंत्र संकेतपद्धती झाली. एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्र विकसित केले; १९९१मध्ये भारतीय लिपींसाठी राष्ट्रीय प्रमाण संकेत निश्चित झाला. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींत ती सोय विंडोज २०००पासून आली.

२०/
‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकाची रचना पाहिली की लिपीचा विचार यंत्रावर कसा उतरतो ते दिसते. डाव्या हाताला स्वर व काना-मात्रा, उजव्या हाताला मुख्यत्वे व्यंजने. इंग्रजीतले शिफ्ट मोठे अक्षर देते. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाहीच. म्हणून इथे शिफ्टने क चा ख होतो, प चा फ, त चा थ. अल्पप्राण आणि महाप्राण ही वर्णमालेतली जोडी एकाच कळीवर नांदते. ‘परळ’ लिहायचे तर एच, मग जे, मग शिफ्टसह एन. ल च्या डोक्यावर ळ बसलेला आहे. वर्णमाला पाठ असलेल्या आजोबांना हा कळफलक नातवापेक्षा लवकर उमगू शकतो, कारण त्याचे व्याकरण त्यांनी शाळेत गिरवलेले असते.

२१/
तरीही दरी मोठीच राहिली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८मध्ये देशातील नागरी कुटुंबांपैकी केवळ २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता; पाच वर्षांवरील नागरी लोकसंख्येपैकी ३२.४ टक्के लोकांनाच तो चालवता येत होता. ग्रामीण भागात हे आकडे अनुक्रमे ४.४ आणि ९.९ टक्के होते. दोन वर्षांतच टाळेबंदी आली आणि शाळा पडद्यावर गेली. ज्याला शहर ‘बेसिक’ म्हणत होते, ते बहुसंख्यांकडे नव्हते, हे तेव्हा लपवता आले नाही.

२२/
या इतिहासातून एक व्यवहार्य बोध निघतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना लॅपटॉप शिकवताना ‘इथे दाबा, तिथे दाबा’ एवढेच सांगितले तर पायऱ्या पाठ होतात आणि विसरल्या जातात. रिटर्न म्हणजे गाडा मागे आणणे, शिफ्ट म्हणजे सरकवणे, पेस्ट म्हणजे डिंकाने चिकटवणे, हे सांगितले तर कळ मागची कृती दिसते, आणि कृती हे श्रमिकांच्या ओळखीचे क्षेत्र आहे. ज्यांच्या बोटांनी धावत्या मागावरचा धागा सांधला, त्यांना बोटे चालवायला शिकवण्याची गरज नसते. त्यांना परकी रूपके समजावून सांगणारा, घाई न करणारा आणि न हसणारा शिक्षक लागतो. लोअर परळच्या रात्रशाळांनाही शंभर वर्षांपूर्वी असेच शिक्षक हवे होते.

धागा समाप्त. आपल्या घरात कुणी टायपिंगची परीक्षा दिली असेल किंवा साचाखात्यात काम केले असेल, तर त्यांची आठवण विचारून लिहून ठेवा. गिरणगावचा पुष्कळसा इतिहास अजून तोंडीच आहे.